अकरा नंबरची कॅसेट

आमच्या घरात एक बल्ब होता, तो माझ्या आठवणीत कधी विझलाच नाही. कल्याणजवळ मोहन्याच्या कॉलनीत आमच्या दोन खोल्या, आणि बाहेरच्या खोलीत अण्णांचं शिसवी रंगाचं कपाट. त्या कपाटाच्या तळाशी पंधरा वॅटचा बल्ब चोवीस तास जळायचा. मोरीतला दिवा कुणी चालू ठेवला तर बोलणी बसायची, पण या बल्बला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. वरच्या फळीवर रेकॉर्डी, मधे स्पूल आणि गाण्यांच्या कॅसेट, खालच्या फळीवर व्हिडिओच्या कॅसेट, आणि या सगळ्यांना दमट हवेत बुरशी धरू नये म्हणून ही ऊब. आईने त्या उबेचा भलताच उपयोग शोधून काढला होता. पावसाळ्यात आंबोळीचं पीठ फुगायला मागत नाही, म्हणून ती संध्याकाळी पिठाचं पातेलं गुपचूप बल्बशेजारी सरकवायची. अण्णांना वासावरून कळायचं. "कपाट आहे की भटारखाना?" असं ओरडत ते पातेलं बाहेर काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पिठाच्या सहा आंबोळ्या काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर मुकाट्याने खायचे.

अण्णा कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. दाबाचे, तापमानाचे काटे दुरुस्त करणं हे त्यांचं काम, आणि काटा बरोबर नसलेली कुठलीही गोष्ट त्यांना सहन होत नसे, मग ती यंत्र असो की माणूस. कारखान्याचा भोंगा झाला की आमचं घर हलायला लागायचं. आईचा खलबत्ता, स्टोव्हचा फरफराट, अण्णांच्या सायकलची घंटी, आणि अण्णा घरात असले की कुठलीतरी टेप मागे फिरवल्याचा तो सुर्रर्र आवाज. मला स्वतःला एका जागी बसणं जमायचं नाही. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. ते खरं होतं आणि अजून आहे. हे लिहितानाही मी तीनदा उठून गॅस बंद आहे का ते बघून आले.

अण्णांचे कायदे होते. कॅसेटवर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. कारण नाव दिसलं की येणारा-जाणारा मागतो. कुठल्या नंबरात काय आहे ते एका छोट्या वहीत, आणि ती वही अण्णांच्या शर्टाच्या खिशात. कॉपीची कॉपी माणसाने बघू नये, डोळे बिघडतात. आणि सगळ्यात मोठा कायदा टॅबचा. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकची एक चिमुकली टॅब असते. ती मोडून टाकली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, म्हणजे चुकूनही काही पुसलं जात नाही. जे कायमचं ठेवायचं त्याची टॅब अण्णा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने मोडायचे, एखाद्या विधीसारखी, सगळ्यांना समोर बसवून. मोडलेल्या टॅबच्या भोकावर सेलोटेप चिकटवली की मशीन फसतं आणि पुन्हा भरता येतं, हे कॉलनीतल्या पोराटोरांना ठाऊक होतं. अण्णा त्याला चोरटेपणा म्हणायचे.

त्यांच्या व्हिडिओ कॅसेटींमध्ये चार नंबरची सगळ्यांत थोर. एका मोठ्या गवयांची सकाळची मैफल टीव्हीवर दाखवली होती, ती त्यांनी स्वतः भरून घेतलेली. त्यासाठी अण्णांनी आयुष्यात एकदाच पोट दुखण्याची खोटी रजा टाकली. त्या दिवशी आईला कुकर लावायची बंदी होती, शिट्टी कॅसेटमध्ये जाईल म्हणून. "अण्णा, ती वायरीतून भरली जाते, खोलीतला आवाज तिच्यात कसा जाईल?" असं सुलूताईने विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "तिच्यात जाणार नाही, माझ्या कानात जाईल." भात त्या दिवशी दुपारी शिजला.

सुलूताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती गायची. डोंबिवलीत गाण्याच्या क्लासला जायची, आणि क्लासच्या मुलींबरोबर टीव्हीवरच्या तरुणांच्या कार्यक्रमात चारेक वेळा दिसली होती. एकदा तर तिला एकटीला पूर्ण कडवं दिलं होतं. ती अण्णांची लाडकी होती आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. दर रविवारी सकाळी अण्णा व्हिडिओ मशीनचं झाकण उघडून स्पिरिट आणि मऊ चामड्याच्या पट्टीने आतलं, टेप वाचणारं हेड पुसायचे. त्या वेळी टॉर्च धरायचा मान ताईचा. मला एकदा दिला होता, पण माझा हात एवढा हलायचा की अण्णा म्हणाले, "शैले, तू जा, खोबरं खव." मला राग आला होता. खोबरं खवताना मी बोटही खरवडून घेतलं होतं.

ते मशीन मस्कतच्या मामाने, म्हणजे आईच्या भावाने आणलं होतं. आणि ते बीटा होतं. आजच्या मुलांना हे सांगावं लागतं, म्हणून सांगते: तेव्हा व्हिडिओच्या कॅसेट दोन जातींच्या असायच्या. व्हीएचएस मोठी आणि बीटा लहान, आणि एकीची दुसरीच्या मशीनमध्ये शिरायची नाही. बीटाचं चित्र जास्त स्वच्छ, असं अण्णांचं म्हणणं. तेही खरं असेल. पण सगळ्या कॉलनीने, सगळ्या कल्याणने, सगळ्या जगाने व्हीएचएस घेतलं. आमच्या घरी सगळ्यांत चांगलं मशीन होतं आणि त्यावर बघायला काही नव्हतं. कल्याणच्या लायब्रऱ्यांनी बीटा केव्हाच बंद केलं. डोंबिवलीत स्टेशनजवळ मधूची लायब्ररी होती, तिथे एक शेवटची फळी उरली होती. अण्णा तिथे जायचे, आणि दर खेपेला चित्र पुसट असल्याची तक्रार करायचे. एक दिवस मधू वैतागून म्हणाला, "काका, बीटाचं गिऱ्हाईक आता तुम्ही एकटेच राहिलात. मी ती फळीच काढतोय. जागा अडवून बसलीय नुसती."

अण्णा घरी आले ते धुमसतच. "ज्याला चांगलं-वाईट कळत नाही तो पिक्चरचं दुकान टाकून बसलाय!" पुन्हा त्या दुकानाची पायरी चढणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. पण फळी जाईपर्यंत बीटाच्या कॅसेट तर हव्याच होत्या. मग त्यांनी ताईला सांगितलं, "तू क्लासला जातेसच, येता-जाता तूच बदलून आण." ताई बदलून आणू लागली. ती फळी पुढे दीड वर्ष निघाली नाही. निघाली कशी नाही, याचा विचार अण्णांनी केला नाही, आणि मी केला तरी गप्प बसले. मग एका दुपारी, कुळथाची पिठी आणि भात पानात असताना, ताई म्हणाली, "अण्णा, मला मधूशी लग्न करायचंय."

अण्णांनी जे काही ऐकवलं त्यात नोकरी नाही हे होतं, आपल्याकडचा नाही हे होतं, पण त्यांचा आवाज चढला तो एका वाक्याला: "त्याला हेड म्हणजे काय ते माहीत नाही!" मला हसू फुटलं आणि आईने माझ्या पाठीत धपाटा घातला. हसण्यासारखं ते नव्हतंच. ताई हट्टाची होती, अण्णांचीच मुलगी ती. तीन महिन्यांत डोंबिवलीच्या एका छोट्या हॉलमध्ये लग्न झालं. अण्णा आले नाहीत. त्यांची त्या दिवशी सुट्टी होती, ती त्यांनी बदलून घेतली आणि सकाळच्या पाळीला गेले. आईने त्यांना विचारलं नाही, फक्त सांगितलं, "मी जातेय." मस्कतहून रजेवर आलेल्या मामाने आणि मामीने कन्यादान केलं. संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा अण्णा रेडिओ उघडून बसले होते. रेडिओला काहीही झालेलं नव्हतं.

त्यानंतर घरात ताईचं नाव निघेना. आणि घरात स्वस्थताही राहिली नाही. अण्णा बसले की उठायचे, कपाट उघडायचे, बंद करायचे, सायकलवर टांग टाकून आंबिवलीपर्यंत उगाच जाऊन यायचे. रविवारी टॉर्च दोन पुस्तकांच्या मधे अडकवून एकट्याने हेड पुसायचे. मला अभ्यासाला बसवत नव्हतं. ताईला मी कल्याणला कॉलेज सुटल्यावर चोरून भेटायचे, ती विचारायची, "अण्णांचा खोकला कसा आहे?" आणि मी काहीतरी सांगायचे. तिने क्लास सोडला होता. का, तर म्हणाली, "गळाच लागत नाही गं."

तिच्या लग्नाची कॅसेट मामा घेऊन आला, मस्कतला परत जाण्याच्या आदल्या दिवशी. त्याने ती अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी ती उलटसुलट केली, मशीनच्या तोंडाशी धरली, आणि म्हणाले, "ही व्हीएचएस आहे. आपल्याकडे लागत नाही." बस. कॅसेट टीव्हीवर पडून राहिली. आईने ती शेजारच्या सावंतकाकूंकडे तीनदा पाहिली आणि तीनदा रडून आली. काकू बोलवायला आल्या, तर अण्णा म्हणाले, "तुमच्या मशीनचं ट्रॅकिंग नीट नाही." दोन महिने, चार महिने, सहा महिने. आईने विचारलं की एकच उत्तर: आपल्याकडे लागत नाही. माझं डोकं त्या वाक्याने उठलं होतं. मला वाटायचं, माणूस एवढा कसा अडून बसतो! आणि मला हेही वाटायचं की एकदा, एकदाच त्यांनी ताईचा चेहरा बघितला तर सगळं सुटेल. मग ठरवलं, त्यांची सबबच काढून घ्यायची. व्हीएचएसवरचं लग्न बीटावर उतरवायचं.

मधूला विचारलं तर तो म्हणाला, "बीटा चालवणारा एकच माणूस उरलाय, वागळे इस्टेटमधले दातार. पण शैला, काका बघतील का गं? मला नाय वाटत." मी त्याला म्हटलं, तू गप्प बस. आणि कॉलेज बुडवून ठाण्याला गेले. वागळे इस्टेटमध्ये एका पत्र्याच्या शेडवर जिना होता, खाली कुठलंसं प्रेस मशीन धाडधाड चालायचं आणि वर दातारांच्या खोलीत दहा-बारा व्हिडिओ एकमेकांना वायरींनी जोडून मांडलेले. सगळ्यांवर कुणाकुणाची लग्नं, मुंजी, बारशी एकदम चाललेली, आवाज बंद करून. मी दारातच उभी राहिले. पुढे मी त्याच खोलीत बावीस वर्षं काम करणार होते, पण ते मला तेव्हा कुठे ठाऊक. दातार पांढऱ्या सदऱ्यातले, शांत, शुद्ध बोलणारे गृहस्थ. त्यांनी कोपऱ्यातल्या एका मशीनवरचं फडकं काढलं. "बीटा आहे माझ्याकडे. उत्तम अवस्थेत आहे. पण कोरी कॅसेट तुम्हाला आणावी लागेल. बाजारात मिळणं आता कठीण."

ती कुठेच मिळाली नाही. ठाण्यात नाही, कल्याणात नाही. मग मी अण्णांच्या कपाटाकडे वळले. खालच्या फळीवर अकरा कॅसेट. वही त्यांच्या खिशात. पण मला कायदा माहीत होता ना! मी एकेक कॅसेट काढून कडेला बोट फिरवलं. एकपासून दहापर्यंत सगळ्यांच्या टॅबा मोडलेल्या. अकरा नंबरची टॅब मात्र शाबूत. म्हणजे हिच्यात ठेवण्यासारखं काही नाही. अण्णांच्या घरात वाढलेल्या माणसाला याहून पक्का पुरावा लागत नाही. मी अकरा नंबर पर्समध्ये टाकली, तिच्या जागी एका रिकाम्या खोक्यावर नंबराची चिठ्ठी चिकटवून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, पुन्हा वागळे इस्टेटचा जिना चढले.

दातारांनी कॅसेट हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाले, "फार काळजीने ठेवलेली आहे हो. यात काय आहे, एकदा लावून बघू या का?"

"रिकामीच आहे. टॅब आहे ना."

"टॅब आहे. तरी एकदा बघावं. पुसलेलं परत आणता येत नाही."

"लावा हो काका, मला उशीर होतोय," मी म्हटलं. मला कसला उशीर होत होता? तीनची गाडी चुकली असती तर सव्वातीनची होती. पण मला थांबवत नव्हतं. आज माझ्याकडे लोक पिशव्या भरभरून जुन्या कॅसेट घेऊन येतात, पेन ड्राइव्हवर उतरवून द्या म्हणतात, आणि मी प्रत्येक कॅसेट आधी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघते. "आजी, किती वेळ लावता!" म्हणून पोरं करवादतात. करवादू देत.

तासाभराचं लग्न उतरायला तासच लागला. मी दोन पडद्यांच्या मधे बसून दोन्हीकडे तीच ताई बघत होते. एकीकडची साडी पिवळी, दुसरीकडच्या साडीचा पिवळा रंग कडेने थोडा सांडलेला. संध्याकाळी अण्णा भाजी आणायला गेले तेव्हा कॅसेट जागेवर ठेवली. आईलाही सांगितलं नाही. माझा बेत असा होता की रविवारी, हेड पुसून झाल्यावर, सगळ्यांसमोर ती लावायची. मला झोप लागत नव्हती, एवढी मी खूश होते.

रविवार यायच्या आधी शुक्रवार आला. कॉलेज लवकर सुटल्यामुळे दुपारी मी स्वयंपाकघरात होते, आई सोलकढीसाठी नारळाचा रस काढत होती. तीनचा भोंगा झाला, थोड्या वेळाने सायकल आली, कपाटाचं दार वाजलं, मशीनने कॅसेट आत घेतल्याचा खटका ऐकू आला. आणि सनई सुरू झाली. आईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मी बाहेर धावले. अण्णा खांद्याची पिशवीही न काढता उभे होते. पडद्यावर ताई पाटावर बसत होती. अण्णांनी बटण दाबून कॅसेट बाहेर घेतली, नंबर बघितला, पुन्हा आत टाकली. पुन्हा ताई, पुन्हा सनई.

"अकराच आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू: "यावर सुलूची गाणी होती."

"पण टॅब होती, अण्णा."

"टॅब होती, कारण अजून भरायचं होतं. चार वेळा आलेली ती टीव्हीवर. पाचव्यांदा येईल म्हणून ठेवलेली."

आई दारात उभी होती, हाताला नारळाचा चोथा तसाच. "दिवसाआड लावायचे गो ती," ती मला म्हणाली. "पाळीवरून आले की. तू कॉलेजात असायचीस. मी आत बसून ऐकायची."

मला आजवर कुणी मारलं त्याहून जास्त ते लागलं. आणि मी कशी आहे, लागलं की मी गप्प बसत नाही, उलट चावते. मी ओरडले, "मग तिच्या लग्नाला का नाही गेलात? चार नंबरसाठी खोटी रजा टाकलीत! ताईसाठी मिळालेली सुट्टी बदलून कामावर गेलात!"

अण्णा पडद्याकडे बघत उभे राहिले, पिशवी खांद्याला तशीच. मंगलाष्टकं झाली. हार झाले. मग मामाचे हात ताईच्या हातांखाली आले, मामीने पाणी सोडलं, आणि अण्णांनी मशीन बंद केलं. "कॉपी कुणी केली?" त्यांनी विचारलं. मी दातारांचं नाव सांगितलं. "माणूस बरा दिसतोय," एवढं म्हणून ते बाहेर गेले आणि अंधार पडायच्या आधी परत आले. सोलकढी त्या दिवशी कुणी प्यायली नाही.

शनिवार असाच गेला. त्यांनी कपाट किती वेळा उघडलं याला हिशेब नाही. मी ताईला तोंड कसं दाखवू या विचाराने घरातल्या घरात फेऱ्या मारत होते. दोन खोल्यांत आम्ही दोघं एकमेकांना चुकवत फिरत होतो. रविवारी सकाळी अण्णांनी स्पिरिटची बाटली, चामड्याची पट्टी, बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि टॉर्च कपाटातून काढला. मशीनकडे न जाता ते सगळं त्यांनी, टीव्हीवरच्या लग्नाच्या कॅसेटसकट, कारखान्याच्या पिशवीत भरलं. "शैले, चल."

"कुठे?"

"ओरिजिनल बघायला. कॉपीवरून काय समजणार? रंग सगळा सांडलाय." आणि आईकडे न बघता, "तुला यायचं असेल तर ये. पातेलं काय कपाटात आहे ते घे बरोबर. इथे नुसतं आंबतंय."

डोंबिवलीत ताईचं घर दुसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. दार तिनेच उघडलं. तिच्या तोंडून "अण्णा" एवढंच निघालं. अण्णांनी चप्पल काढली, मधूकडे बघून मान हलवली न हलवल्यासारखी केली, आणि सरळ टीव्हीखालच्या मशीनपुढे जाऊन मांडी घातली. प्लग काढला, चार स्क्रू काढले, झाकण उचललं. आम्ही सगळे उभेच. आई पिठाचं पातेलं छातीशी धरून उभी. आत डोकावून अण्णा म्हणाले, "श्शी. किती घाण झालंय. कोण बघतं याच्याकडे?" मग त्यांनी पिशवीतून टॉर्च काढला आणि मागे न बघता हात लांब केला. "सुलू, धर."

ताई त्यांच्याशेजारी बसली. तिने टॉर्च धरला. अण्णांनी पट्टी स्पिरिटमध्ये भिजवली, हेडला लावली आणि थांबले. "हात हलतोय तुझा," ते म्हणाले. "तुझा कधी हलत नव्हता." ताई रडायला लागली आणि प्रकाश सगळ्या भिंतीवर नाचायला लागला. अण्णांनी पट्टी खाली ठेवली, तिचं मनगट आपल्या हातात धरलं, आणि दुसऱ्या हाताने हेड पुसून काढलं. मीही रडले. मधू स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवत होता.

आंबोळ्या झाल्या, खाल्ल्या, आणि मग लग्न लागलं. मूळ कॅसेट, स्वच्छ हेड. ताईची साडी पिवळीधमक दिसत होती. मामाचे हात आले तिथे अण्णांनी पॉज दाबलं आणि कितीतरी वेळ तसंच बघत राहिले. चित्राच्या मधोमध एक थरथरती पांढरी रेघ होती.

"पॉजला रेघ येते," अण्णा म्हणाले.

"येते काका," मधू म्हणाला.

"बीटात येत नाही."

"नाय येत काका. बीटाच चांगलं होतं."

अण्णांनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मग पुढे चालू केलं, शेवटच्या पंगतीपर्यंत. निघताना चपला घालत त्यांनी ताईला विचारलं, "क्लास?"

"सोडला."

"चालू कर." आणि ते जिना उतरायला लागले.

घरी आल्यावर अण्णांनी अकरा नंबर मशीनला लावली आणि लग्न संपतं तिथपर्यंत पुढे पळवली. पांढरे ठिपके आले, एक झटका बसला, आणि एकदम ताई, मुलींच्या रांगेत, एका ओळीच्या मधूनच गाऊ लागली. शेवटच्या गाण्याचा अर्धा भाग वाचला होता. तो आम्ही तिघांनी ऐकला. मग अण्णांनी खिशातून वही काढली आणि अकरा नंबरची नोंद दुरुस्त करायला पेन उघडलं. मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. बाकीच्या दहा नंबरांपुढे राग, कलाकार, वेळ, सगळं बारीक अक्षरात होतं. अकरापुढे फक्त 'सुलू' लिहिलेलं होतं. अण्णांनी जरा वेळ पेन तसंच धरलं, आणि टोपण लावून टाकलं. आम्हाला दोघींना समोर बसवून त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरने अकरा नंबरची टॅब मोडली.

मला वाटलं, झालं. पण ते पुन्हा कपाटाशी गेले आणि चार नंबर काढून आणली, कुकर बंद ठेवून भरलेली. टेबलाच्या खणातून सेलोटेप घेतली, दातांनी एक तुकडा तोडला, आणि मोडलेल्या टॅबच्या भोकावर अंगठ्याने घट्ट दाबून बसवला.

"अहो, हे काय करताय?" आई म्हणाली.

"कोरी कुठे मिळतेय आता?" अण्णा म्हणाले. "पुढच्या वेळी ती टीव्हीवर आली, की भरायला लागेल ना."